वस्तीतल्या झाडापाखरांची सोंगे: नवख्यांसाठी मार्गदर्शक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत (बाईच्या रूपातील मोठे पुतळे) निघते, त्यांच्यासोबत बडगे (पुरुषरूपी पुतळे) निघतात, आणि त्याच दिवशी संध्याकाळी गल्लोगल्ली तान्हा पोळा भरतो. लहान मुले लाकडी बैल सजवून आणतात, नाना वेश करतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खुशीची भेट, मागतात. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी मारबत 1885 पासून निघते, असे मानले जाते. म्हणजे बांबू, कागद आणि कापड यांपासून माणसापेक्षा मोठी आकृती उभी करून ती रस्त्यावर मिरवण्याची रीत या शहराला नवी नाही. विदर्भातील खेड्यांत तर पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ‘घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी देत त्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. ऋतू, झाड, रोगराई आणि खेळ हे सारे त्या एका कृतीत एकत्र आलेले असते.

या लेखात सांगितलेला उपक्रम याच रीतीच्या आधाराने उभा राहतो. आपल्या वस्तीत किंवा ले-आउटमध्ये राहणारी झाडे, पाखरे, किडे आणि जवळून वाहणारी नदी यांची सोंगे सर्वांनी मिळून तयार करावीत आणि तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी ती घेऊन गल्लीतून फिरावे, एवढीच त्याची कल्पना आहे. चित्रकलेचे शिक्षण किंवा शिवणकामाचा अनुभव असण्याची गरज नाही. एक गोष्ट मात्र पहिल्यापासून लक्षात ठेवावी. ज्या जिवाचे सोंग घ्यायचे, त्याच्याकडे आधी पुष्कळ वेळ पाहावे लागते. पाखरू कसे बसते, मान कोणत्या बाजूला कलते आणि उडण्यापूर्वी ते काय करते, हे ठाऊक नसेल तर अंगावर चढवलेली पिसे ही नुसती पिसेच राहतात. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये पाहण्याला सर्वांत जास्त दिवस दिले आहेत. घाई झाली तर रंगकाम कमी करावे, पाहणे कमी करू नये.

वेळेचे गणित

पोळा श्रावण अमावास्येला येतो, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कधीतरी. त्यामुळे आषाढाच्या उत्तरार्धात, साधारण सहा आठवडे आधी, कामाला लागावे. पहिले तीन आठवडे पाहण्यासाठी, पुढचे दोन बांधणीसाठी आणि शेवटचा आठवडा रंग व चालीचा सराव यांसाठी ठेवावा. हे दिवस नागपुरात भर पावसाचे असतात. कागदाची कोणतीही वस्तू उन्हाळ्यात एका दिवसात वाळते, तर श्रावणात तिला चार ते सहा दिवस लागतात, आणि नवख्या गटांचे वेळापत्रक बहुधा येथेच कोलमडते.

या तिथीचा एक फायदाही आहे. तान्हा पोळा भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला असतो आणि गणपती चतुर्थीला बसतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात बहुतेक गल्ल्यांत मंडळाचा मांडव उभा राहिलेला असतो किंवा उभा राहत असतो. मंडळातील मुलांशी आधीच बोलून ठेवले तर पावसापासून आडोसा, विजेची जोडणी आणि पंखा या तीनही गोष्टी मिळतात.

गट जमवणे

दहा ते वीस माणसांचा गट पुरेसा होतो. त्यात मुले असावीत, पण मुलांचाच गट करू नये. गावाकडून आलेल्या आजी-आजोबांना लगदा, खळ, दोर वळणे आणि पानांची नावे यांतील जे ठाऊक असते, ते पुस्तकात शोधूनही लवकर सापडत नाही. त्यांना ‘आजी, तुमच्या गावाला कागदाची टोपली कशी करत?’ असा सरळ प्रश्न विचारावा. उत्तर देता देता त्या स्वतःच कामाला बसतात, असा माझा अनुभव आहे. ज्यांना गर्दीत नाचणे जमणार नाही किंवा तोंड झाकलेले आवडत नाही, त्यांच्यासाठी बांबूच्या काठीवर धरून मिरवण्याची आकृती करावी. चाकांच्या खुर्चीवरील व्यक्तीसाठी खुर्चीलाच झाडाचे खोड किंवा गोगलगायीचा शंख बांधता येतो, आणि मिरवणुकीत अशी सोंगे सर्वांत ठसठशीत दिसतात.

पाहणे

पहिल्या रविवारी सकाळी सहा-साडेसहाला आपल्याच गल्लीतून अर्धा तास फिरावे. लांब जाण्याची घाई करू नये. कडुनिंब, पिंपळ, बदाम, रिकाम्या प्लॉटवरचे गवत, गच्चीवरची कबुतरे आणि सांडपाण्याच्या नाल्याकाठचा बगळा एवढ्यावर पहिला फेरा सहज भरतो. त्यानंतरच्या रविवारी सेमिनरी हिल्स, फुटाळा तलाव, अंबाझरीचे जैवविविधता उद्यान किंवा गोरेवाडा यांपैकी एका ठिकाणी जावे. जाण्यापूर्वी प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क यांची चौकशी करून घ्यावी.

दोघादोघांची जोडी करून प्रत्येक जोडीने एकच जीव निवडावा आणि त्याला सकाळी, दुपारी व संध्याकाळी असे तीन वेगवेगळ्या वेळी भेटावे. वहीत पाच गोष्टी टिपाव्यात: तो कसा चालतो, काय खातो, वरून व खालून त्याचा रंग कसा दिसतो, आवाज कोणता करतो आणि कशाला घाबरतो. चित्र वहीतच काढावे. मोबाइलमधील छायाचित्रावरून काढलेले चित्र नेटके येते, परंतु त्यात आपण पाहिलेली हालचाल उतरत नाही. पाखरांना जवळ बोलावण्यासाठी त्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नयेत, घरट्याजवळ थांबू नये आणि किडे डबीत भरून आणू नयेत.

कोणता जीव निवडावा, याबाबत माझी काही मते आहेत. अगदी लहान मुलांसाठी मृगाचा किडा उत्तम. तो पहिल्या पावसानंतर ओल्या मातीवर दिसतो, त्याचे अंग लाल मखमलीसारखे असते, आणि पाय मोजले तर ते आठ भरतात. म्हणजे ज्याला आपण किडा म्हणतो तो खरे तर कोळ्यांच्या नात्यातला निघतो. हे मुलांनी स्वतः मोजून शोधून काढावे, आपण आधी सांगू नये. पोळ्यापर्यंत तो दिसेनासा झालेला असतो, म्हणून त्याला पाहण्याचे काम मृगातच उरकावे.

थोड्या मोठ्या मुलांसाठी पळस घ्यावा. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण सगळे वापरतो, पण झाडाखाली उभे राहून ती तपासून पाहिलेली माणसे थोडीच भेटतील. एका देठावरची तीन पाने समोर धरली की मधले पान बाजूच्या दोघांपेक्षा मोठे असल्याचे लगेच कळते, आणि पत्रावळीसाठी हेच पान का निवडले गेले असेल हेही ध्यानात येते. पळसाच्या सोंगासाठी तीन मुले लागतात. मधल्याने थोडे उंच राहायचे आणि तिघांनी एकाच देठाला धरून चालायचे.

मोठ्यांसाठी माझी पसंती राखी धनेशाला आहे. सुमारे 60 सेंटिमीटर लांबीचे हे पाखरू नागपूर शहरातील जुन्या झाडांवर आजही दिसते, आणि वड, पिंपळ व उंबर फळांवर आले की ते तेथे हमखास येते. त्याची वाकडी, जाड चोच आणि तिच्यावरचे छोटे शिंग सोंगासाठी फार उपयोगी पडते. पण त्याहून मोलाची त्याची वागणूक आहे. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. जेमतेम चोच जाईल एवढी फट ती ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला व पिल्लांना फळे भरवत राहतो. ढोली असलेले जुने झाड तोडले गेले तर त्या जोडीचे सगळे घरच जाते. धनेशाचे उडणेही नीट पाहावे: काही वेळा जोराने पंख मारायचे, मग पंख पसरून तरंगायचे, पुन्हा पंख मारायचे. ही लय पायांत आली की सोंगाला पंख थोडे कमी पडले तरी पाहणाऱ्याला धनेश ओळखू येतो.

सामान गोळा करणे

सामानाची यादी करण्यापूर्वी घरातील आणि आसपासची फुकट मिळणारी वस्तू आठवावी. जुन्या साड्या, चादरी, वर्तमानपत्रांची रद्दी, खोक्यांचे पुठ्ठे आणि सुतळी हे घरातच निघते. गावाकडे जाणारे कोणी असेल तर त्यांना तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या (तुरीच्या व कपाशीच्या वाळलेल्या काड्या) आणि ज्वारीचे धांडे आणायला सांगावे. वाळलेल्या धांड्याचा गाभा इतका हलका असतो की चोच, शिंगे आणि डोळे यांसाठी त्याच्यासारखी वस्तू नाही. धानाचे तणस भंडारा-गोंदियाकडून शहरात येत असतेच. ते कसे बांधायचे हे पाहायचे असेल तर श्रावणात चितारओळीतून एक फेरफटका मारावा. तेथील मूर्तिकार बांबूच्या सांगाड्यावर तणसाच्या पेंढ्या सुतळीने किती घट्ट आवळतात, आणि सुतळी कोठे गाठ मारून संपवतात, हे दहा मिनिटे पाहिले तर पुढची पाव मेहनत वाचते. मात्र तो त्यांच्या वर्षभराच्या कमाईचा काळ असतो, म्हणून वाटेत उभे राहू नये आणि विचारल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत.

बांबू बुरडांकडून घ्यावा आणि त्यांच्याकडूनच कामट्या काढून घ्याव्यात. बोटभर रुंद आणि दोन-तीन मिलिमीटर जाड कामटी डोक्यावरच्या चौकटीला पुरते. कापडाच्या कतरणी गांधीबागेत, आणि हिरडा, तुरटी, गेरू, डिंक ही मंडळी इतवारीत किराण्याच्या व काष्ठौषधींच्या दुकानांत मिळतात.

रायमुनिया आणि जलकुंभी या दोन वनस्पतींचा उल्लेख वेगळा करावासा वाटतो, कारण त्या जितक्या काढू तितके आपल्या झाडापाण्याचे भलेच होते. रायमुनियाच्या, म्हणजे घाणेरीच्या, काड्या ओल्या असताना छान वाकतात. त्या काढताना हातमोजे घालावेत, कारण पाने खरखरीत असतात आणि अंगाला खाज येते. अंबाझरीसारख्या तलावांवर पसरणाऱ्या जलकुंभीचे देठ उन्हात वाळवले की त्यांची वेणी घालता येते, पण या देठांत जवळजवळ सगळे पाणीच असते, त्यामुळे पोतेभर देठांतून मूठभर वेणी मिळते. मुलांना पाण्यात उतरवू नये. तलावाची साफसफाई चालू असताना काठावर काढून टाकलेली जलकुंभी घ्यावी आणि हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

काय घेऊ नये, तेही सांगायला हवे. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, त्यामुळे तो विषयच नको. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 नुसार रानटी प्राण्यांची कातडी, नखे किंवा साळिंदराचे काटे जवळ बाळगणे गुन्हा ठरू शकते, म्हणून कोणाच्या घरात जुन्या काळापासून असले तरी ते सोंगाला लावू नयेत. पिसे कागदाचीच करावीत. शहरातील झाडांच्या फांद्या तोडण्यावरही कायद्याची बंधने आहेत, आणि राखीव वनातून पानफूल उचलू नये. आपल्या गल्लीत गळून पडलेले तेवढे वेचावे.

पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत माजलेले असते आणि अनेकांना त्याची ॲलर्जी होते. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास डोळा दुखावतो, बिब्ब्याच्या रसाने कातडी भाजते, आणि खाजखुजलीच्या शेंगांवरची लव अंगाला लागली तर तासन्‌तास खाजवत बसावे लागते. मुलांना ही चार झाडे सर्वांत आधी ओळखायला शिकवावीत. गवतात शिरताना पायांत गमबूट असावेत, आणि साप दिसल्यास मागे फिरून वनविभागाला किंवा सर्पमित्रांना कळवावे.

खळ आणि लगदा

सोंग टिकते ते खळीमुळे, म्हणून ती बाजारातून आणण्यापेक्षा घरी शिजवावी. एक वाटी मैदा थंड पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात. दुसरीकडे पाच वाट्या पाणी उकळावे, त्यात हे मिश्रण धारेने ओतावे आणि सतत ढवळत राहावे. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवावी आणि त्यात चमचाभर तुरटीची पूड घालावी. पूर्वी किडीपासून बचावासाठी खळीत मोरचूद घालत असत. ते विषारी असल्यामुळे मुलांच्या कामात अजिबात वापरू नये, त्याऐवजी कडुनिंबाच्या पाल्याचा काढा घालावा. जेथे पकड जास्त हवी, जसे की चोच चौकटीला जोडताना, तेथे चिंचोक्याची खळ करावी. चिंचोके भाजून साल काढावी, रात्रभर भिजवून वाटावेत आणि पाण्यात शिजवावेत. या खळीचा चिकटपणा मैद्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

लगद्यासाठी 1 किलो रद्दीचे तुकडे तीन दिवस पाण्यात भिजवावेत आणि रोज पाणी बदलावे. 100 ग्रॅम मेथीदाणे रात्रभर भिजवून बारीक वाटावेत. पिळलेला कागद खलबत्त्यात किंवा पाट्यावर कुटून त्यात मेथी मिसळावी आणि कणकेसारखा मळून घ्यावा. मेथीमुळे लगदा चिकट होतो आणि तिच्या कडूपणामुळे कीड लवकर लागत नाही. गावाकडे याच लगद्याच्या टोपल्या करत असत, हे वर सांगितलेल्या आजींकडूनच ऐकायला मिळेल. मडके किंवा घमेले पालथे घालून त्यावर ओले फडके पसरावे आणि लगदा भाकरीइतक्या जाडीने थापावा.

येथे एक चूक सांगतो, जी आमच्या पहिल्या वर्षी माझ्या हट्टामुळे झाली. धनेशाचे सगळे डोके मी लगद्याचे करायला लावले. ते आठ दिवसांनीही आतून ओले राहिले, त्याला बुरशी आली, आणि मिरवणुकीच्या दिवशी ते घालणाऱ्या मुलीची मान दहा मिनिटांत दुखू लागली, तेव्हा तिने ते उतरवून हातात धरले. तेव्हापासूनचा नियम असा आहे की मोठा पृष्ठभाग कागदाच्या पट्ट्यांचा करावा आणि लगदा फक्त चोच, भुवई, शिंग अशा उठावाच्या जागी वापरावा. मुलाच्या डोक्यावरचे सोंग 1 किलोच्या आत असावे आणि ते घालून त्याला वीस मिनिटे आरामात फिरता यावे.

चौकट बांधणे

कामट्या अर्धा दिवस पाण्यात बुडवून ठेवल्या की मोडत नाहीत. आधी डोक्याच्या मापाचे गोल कडे करावे. त्याच्या आत जुन्या सुती साडीची चुंबळ वळून बसवावी. डोक्यावर घागर तोलण्यासाठी जी चुंबळ करतात तीच येथे कामाला येते, कारण तिच्यामुळे वजन कपाळावर न येता डोक्यावर सर्व बाजूंनी सारखे पसरते. या कड्यावर दोन कमानी आडव्या-उभ्या बांधाव्यात आणि प्रत्येक सांधा सुतळीने चौकडीच्या गाठीने आवळावा. तारेचा उपयोग करू नये. तार गंजते, टोचते आणि पुढे सोंग सोडवताना त्रास देते. कामटीची टोके कापडाच्या पट्टीने गुंडाळावीत.

चौकट तयार झाली की तिच्यावर खळ लावलेल्या कागदी पट्ट्यांचे तीन थर द्यावेत. एका थराची पट्टी उभी ठेवली तर पुढच्याची आडवी ठेवावी. प्रत्येक थर पंख्याखाली पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा लावू नये. पाहण्यासाठीचे छिद्र डोळ्यांच्या जागी नव्हे, तर पाखराच्या गळ्याशी किंवा चोचीखाली ठेवावे, म्हणजे सोंगाचा चेहरा मोडत नाही आणि घालणाऱ्याला पायाखालची जमीनही दिसते. नाकातोंडासमोर बोटभर मोकळी जागा हवीच.

रंग

रंगांचे काम मला या साऱ्या उपक्रमात सर्वांत आवडते, आणि त्याची तयारी खरे तर फाल्गुनातच सुरू व्हायला हवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो तेव्हा झाडाखाली पडलेली फुले वेचून सावलीत वाळवावीत आणि कागदी पिशवीत भरून ठेवावीत. ती पाण्यात उकळली की पिवळा-केशरी रंग उतरतो. तुरटी घातली तर तो पिवळ्याकडे झुकतो, आणि चुन्याच्या निवळीचे थेंब पडले की नारिंगी होतो.

हळदीचा पिवळा सर्वांना ठाऊक असतोच. त्यात चुन्याची निवळी घातली की तो कुंकवासारखा लाल होतो, आणि हा बदल मुलांच्या डोळ्यांसमोर घडवावा. त्या वेळचे त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. चुना मात्र मोठ्यांनीच हाताळावा, कारण तो डोळ्यांत गेल्यास इजा होते. हळदीचा रंग उन्हात फिकट होतो, म्हणून तो शेवटच्या दोन दिवसांत द्यावा. सागाची कोवळी पाने तळहातावर चुरडली की हात लाल होतात. हा रंग थोडाच मिळतो, पण धनेशाच्या डोळ्याभोवतीच्या कडेला तेवढाच लागतो. काळ्यासाठी गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात पंधरा दिवस ठेवावेत आणि ते पाणी हिरड्याच्या काढ्यात मिसळावे. लोखंड आणि हिरड्यातील तुरट द्रव्य एकत्र येऊन पक्का काळा होतो. हे पाणी कोणी चुकून पिणार नाही अशा जागी, वर नाव लिहून ठेवावे.

कागदावर रंगवायचे असेल तर आधी खडूची पूड खळीत कालवून पांढरा लेप द्यावा आणि रंगात बाभळीच्या डिंकाचे पाणी मिसळावे, म्हणजे रंग हाताला सुटत नाही. कापड रंगवायचे असेल तर आधी धुवून त्याची खळ काढावी, हिरड्याच्या पाण्यात व मग तुरटीच्या पाण्यात बुडवून वाळवावे आणि त्यानंतर रंगात सोडावे. वेळ कमी असेल तर गेरू, काजळ आणि खडू या तिघांवर भागवावे. राखी धनेश, बगळा, पिंगळा आणि टिटवी एवढ्यातच रंगून होतात.

नाग नदीचे सोंग

संपूर्ण गटाने मिळून करण्यासारखे एक सोंग म्हणजे ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले ती नाग नदी. आठ-दहा जुन्या साड्या एकमेकींना टाचून लांब पट्टा करावा, त्यात दर चार-पाच फुटांवर बांबूचे अर्धे कडे बांधावे, आणि प्रत्येक कड्याखाली एकेक मूल उभे राहावे. समोरच्या मुलाकडे नागाचा फणा असतो. लाव्हा गावाच्या बाजूने निघालेली नदी अंबाझरी, सीताबर्डी, नंदनवन आणि पारडी करत पुढे कन्हान नदीकडे जाते, म्हणून गल्लीत या नावांच्या पाट्या ठेवाव्यात. अंबाझरीपर्यंत साड्या निळ्या दिसतात. पुढे प्रत्येक थांब्यावर उभ्या माणसांनी साडीला आपल्याच घरातील रिकामी पाकिटे टाचायची, आणि पारडीला पोचल्यावर सर्वांनी ती काढून ओला-सुका वेगळा करायचा. 22 आणि 23 सप्टेंबर 2023 च्या मध्यरात्री अंबाझरी ओसंडून नाग नदीचे पाणी ज्यांच्या घरात शिरले, अशी कुटुंबे शहरात अनेक आहेत. तुमच्या गटात तसे कोणी असेल तर नदीचा फणा कोणी धरावा हे त्यांना ठरवू द्यावे.

चाल, आवाज आणि कोडे

शेवटच्या आठवड्यात रोज संध्याकाळी अर्धा तास सोंग न घालता नुसती चाल करावी. टिटवी चार पावले धावते आणि एकदम थांबते, बगळा एक पाऊल उचलून तसाच राहतो, नाकतोड्याचे सगळे बळ मागच्या पायांत असते. वहीतील नोंदी येथे पुन्हा उघडाव्यात. लाउडस्पीकर वाजवू नये, त्या गदारोळात टिटवीची साद कोण ऐकणार? पिंपळाच्या पानाची पिपाणी आणि पावसात रुजलेली आंब्याची कोय दगडावर घासून केलेली पुंगी ही दोन वाद्ये मुलांना शिकवावीत, आणि सोबतीला एक डफ पुरे.

प्रत्येक सोंगाने आपले नाव न सांगता कोडे घालावे आणि पाहणाऱ्यांनी ओळखावे. आमच्या गटातील धनेशाचे कोडे असे होते:

घरधनीण कोंडून घेते, फट ठेवते बोटभर;
चोचीतून उंबर आणून मी भरवतो पोटभर.

कोडे जोडीने स्वतः रचावे. यमक चुकले तरी चालते, पण त्यात सांगितलेली गोष्ट वहीत नोंदलेली आणि खरी असावी.

मिरवणुकीचा दिवस

फेरी ले-आउटच्या आतील रस्त्यांपुरती, फार तर अर्ध्या तासाची ठेवावी. मोठ्या रस्त्यावर जायचे असेल तर पोलिसांची परवानगी आधी घ्यावी. प्रत्येक दोन सोंगांमागे एक मोठा माणूस पाण्याची बाटली घेऊन चालावा. गल्लीतील कुत्री मोठ्या डोक्याच्या आकृतींना घाबरून अंगावर येतात, म्हणून त्यांना रोज खाऊ घालणारी व्यक्ती सोबत असू द्यावी. पाऊस आला तर मांडवात थांबून कोडी तेथेच घालावीत. बोजारा म्हणून पैशांऐवजी बी किंवा रोप मागावे, असे आम्ही ठरवले आहे, आणि लोक ते आनंदाने देतात.

नंतरचे काम

सोंगे तलावात शिरवू नयेत आणि जाळूही नयेत. दुसऱ्या दिवशी सर्वांनी पुन्हा जमून गाठी सोडवाव्यात. कामट्या आणि सुतळी जुडी बांधून कोरड्या जागी उभ्या ठेवल्या तर पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतात. कागद व लगदा पाण्यात भिजवून गल्लीतील झाडाच्या आळ्यात पसरावा आणि वरून तणसाचे आच्छादन घालावे. बोजाऱ्यात मिळालेली रोपे त्याच आठवड्यात लावावीत, कारण जमीन अजून ओली असते, आणि प्रत्येक रोप कोणाच्या घरचे पाणी पिणार हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे. त्याच पानावर फाल्गुनात पळसाची फुले वेचायला कोण जाणार, त्यांची नावेही लिहावीत.